बाहीत लपवलेले हात

भाचीने स्वेटरच्या बाह्या ओढून ओढून बोटांच्या पार पुढे आणल्या होत्या. मला वाटलं, थंडी वाजत असेल. डिसेंबरची सकाळ होती. यमुनेवरचं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं, आणि बुटांवर चढवलेल्या कापडी पिशव्यांमधूनही संगमरवराचा गारवा तळपायांना जाणवत होता. ताजमहालच्या भिंतींवर खालच्या अंगाला फुलझाडं कोरलेली आहेत. दगडातूनच उठवलेली, आणि भोवती रंगीत दगडांची बारीक किनार. मोठ्यांना ती बघायला वाकावं लागतं. आठ वर्षांच्या मुलीच्या ती अगदी डोळ्यांसमोर येतात. एरवी असं काही दिसलं की नाक टेकवून बघणारी ही मुलगी त्या दिवशी चार पावलं लांब, अंग चोरून उभी होती. "जवळ जाऊन बघ की," मी म्हटलं. तिने नुसती मान हलवली. दहा मिनिटांपूर्वी आमच्या गाइडने सांगितलं होतं, की इमारत पुरी झाल्यावर बादशहाने वीस हजार कारागिरांचे हात तोडले, म्हणजे पुन्हा कुणाला असलं काही बांधता येऊ नये.

रात्री खोलीतला दिवा मालवल्यावर पांघरुणातून तिचा आवाज आला. "मावशी, त्यांना आधी माहीत नव्हतं का?"

"काय?"

"हात तोडणार ते. माहीत असतं तर त्यांनी थोडं वाईट केलं असतं ना काम."

मी काहीतरी पुटपुटले आणि ती झोपली. मला मात्र बराच वेळ झोप लागली नाही. ही गोष्ट खोटी आहे हे मला माहीत होतं. गाइड सांगत होता तेव्हाही माहीत होतं, आणि तरी मी गप्प बसले होते. गप्प तरी कुठे, मी मान डोलावली होती. आमच्या घोळक्यातली पंधरा-वीस माणसं त्या एका वाक्याने जागच्या जागी थबकली होती. मोबाइल खाली आले होते, कुणीतरी 'अरेरे' म्हणालं होतं, आणि त्या शांततेचा मान मोडायला माझी जीभ उचलली नाही. ही शांतता किती कष्टाने मिळते ते मी जाणते. गेली काही वर्षं मी हौसेने लोकांना संग्रहालयात घेऊन फिरते. इस्लामी कलेच्या वस्तूंपाशी उभं राहायचं आणि बोलायचं. सुरई, ताट, दिवा, गालिच्याचा तुकडा. काचेपलीकडच्या वस्तूपाशी माणूस सरासरी किती वेळ थांबतो हे मी मोजलेलं नाही, पण पाटी वाचायला लागतो त्याहून जास्त नाही हे रोज दिसतं. गोष्ट सांगितली की थांबतो. म्हणून मी गोष्टी सांगते. आणि मीही एक खोटी गोष्ट कितीतरी वेळा सांगितली आहे.

ती गालिच्याची. विणकर आपल्या गालिच्यात मुद्दाम एक चूक ठेवतो, कारण निर्दोष काम करणं हा केवळ ईश्वराचा अधिकार. किती सुंदर वाटतं ऐकायला! हे सांगितलं की लोकांचे चेहरे मऊ होतात. मग ते खाली वाकून चूक शोधायला लागतात. एकदा एक वयस्कर गृहस्थ असेच वाकले होते, आणि उठून मला म्हणाले, "ताई, मी चाळीस वर्षं मागावर काढली. मुद्दाम कुणी चुकत नाही हो. चुका आपोआप होतात, मग आपण त्या लपवतो." बोलण्यात राग नव्हता. आपल्या धंद्याविषयी कुणीतरी बाहेरच्याने भलतंच बोलावं आणि आपण ते हळूच दुरुस्त करावं, तसा सूर होता. त्यांनी मग मला दाखवलं, की एका कडेला वेलीचा वळसा जरा दाबून बसवला आहे, कारण विणत विणत टोकाशी आल्यावर जागा अपुरी पडली असणार. त्या दाबलेल्या वळशात मला पहिल्यांदा माणूस दिसला. मागापाशी बसलेला, उरलेली जागा बोटांनी मोजणारा, मनातल्या मनात गणित मांडणारा. माझ्या गोष्टीत तो कुठेच नव्हता. माझ्या गोष्टीत एक नम्र पुतळा होता.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इराणमधल्या अर्दबीलचा गालिचा आहे. तिथे मी एकदाच गेले. तो मोठ्या काचेच्या दालनात जमिनीवर अंथरलेला आहे आणि रंग उडू नयेत म्हणून त्याच्यावरचा प्रकाश दर अर्ध्या तासाला दहाच मिनिटं वाढवतात. मी पोचले तेव्हा मंद उजेड होता. घड्याळाकडे बघत काही माणसं काचेपाशी उभी होती, आणि आपण एखाद्या गाभाऱ्याबाहेर पडदा सरकायची वाट बघतोय असं मला वाटून गेलं. मग उजेड आला. साडेदहा मीटर लांब, पाच मीटरहून जास्त रुंद, गर्द निळं आकाश आणि मधोमध पिवळं सूर्यफूल फुटावं तसं मोठं पदक. त्याच्या दोन टोकांना दोन दिवे लटकलेले. विणलेलेच, पण लटकलेले वाटतात. आणि त्यातला एक लहान आहे, एक मोठा. हीच ती चूक, हाच तो ईश्वरापुढचा नम्रपणा, असं म्हणणारे आहेत. दुसरे म्हणतात, लहान दिव्याच्या बाजूने बघणाऱ्याला दोन्ही दिवे सारखे दिसावेत म्हणून केलेली ती युक्ती आहे. मी त्या दहा मिनिटांत गालिच्याला दोनदा वळसा घातला. लहान दिव्यापाशी उभी राहिले, मग मोठ्या दिव्यापाशी. नक्की निकाल लागला नाही. पण पाय चालले, मान तिरकी झाली, डोळे मिचकावून बघावं लागलं. मुद्दाम ठेवलेल्या चुकीची ती गोष्ट मला एका जागी उभं करून 'वा' म्हणायला लावत होती. या प्रश्नाने मला त्याच्याभोवती फिरवलं.

गालिच्याच्या एका टोकाशी चौकटीत फारसी कवी हाफिजचा शेर विणला आहे. तुझ्या उंबरठ्यावाचून मला जगात आसरा नाही, या दारावाचून माझ्या मस्तकाला टेकायला जागा नाही, अशा अर्थाचा. आणि खाली सही: या उंबरठ्याचा सेवक मकसूद काशानी याचं काम, साल ९४६. हिजरी ९४६ म्हणजे १५३९-४०. सुमारे अडीच कोटी गाठी आणि त्यानंतर एवढीशी सही. अर्दबीलला सूफी संत शेख सफी यांचा दर्गा आहे, तिथला हा गालिचा. म्हणजे 'उंबरठा' हा शब्द कवितेतला राहत नाही. लोक खरोखर दारात डोकं टेकत होते, आणि आत पायांखाली हे आकाश होतं. या गालिच्याला एक जुळं भावंडही होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला दोन्ही जीर्ण अवस्थेत विकले गेले, आणि एकाला सावरायला दुसऱ्याचे तुकडे वापरले. १८९३ मध्ये संग्रहालयाने घेतला तो सावरलेला. दुसरा लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे, किनार गमावलेला. त्याविषयी वाचल्यापासून मी गालिच्यातल्या मुद्दाम केलेल्या चुकीची गोष्ट सांगणं बंद केलं. त्या जागी या दोन भावंडांविषयी सांगते. लोक तितकेच थांबतात. थोडे जास्तच.

पण हात तोडल्याची गोष्ट वेगळ्या जातीची आहे. ती जगभर फिरते. माणसं बदलतात, राजा बदलतो, इमारत बदलते, सुरी तीच राहते. ग्रानाडाच्या अल्हांब्रा महालात एका दालनातल्या कारंज्याच्या हौदात तांबूस डाग आहेत. तिथे अबेन्सेराहे घराण्याच्या सरदारांची मुंडकी उडवली आणि ते रक्त संगमरवरात मुरलं, असं सांगतात. डाग लोहाच्या गंजाचे आहेत. विजापूरच्या गोलघुमटात मोहम्मद आदिलशहाशेजारी जी थडगी आहेत, त्यातलं एक रंभा नावाच्या नर्तकीचं मानतात. 'माझ्यावर प्रेम असेल तर इथून उडी टाक' असं बादशहा गमतीत म्हणाला आणि तिने सज्जावरून खरंच उडी टाकली, अशी कथा. तो सज्जा म्हणजे जिथे भिंतीशी कुजबुजलेलं पलीकडच्या टोकाला ऐकू येतं तो. मी तिथे लहानपणी टाळ्या वाजवल्या आहेत, परत आलेल्या टाळ्या मोजल्या आहेत, आणि त्या गडबडीत खाली बघून रंभेच्या उडीचा विचार करून पोटात गोळाही आला आहे. तो गोळा खरा होता. इमारतीची उंची मला त्या गोष्टीमुळे कळली, आकड्याने कळली नसती. म्हणून अशा दंतकथांना एका फटक्यात हुसकावून लावायला मन धजत नाही. काही दंतकथा वास्तूला अंग देतात.

मग हातांची गोष्टच का सलते? त्या रात्री पांघरुणातून आलेलं वाक्य मी कितीदा तरी मनात फिरवलं. 'थोडं वाईट केलं असतं ना काम.' पोर नेमकं बोलली होती. त्या गोष्टीत चांगलं काम करणं हाच गुन्हा आहे. आणि आणखी एक गोष्ट मला हळूहळू दिसायला लागली. ताजमहालची आपण जी कहाणी सांगतो त्यात प्रेम बादशहाचं, दुःख बादशहाचं, क्रौर्यही बादशहाचंच. दगड घासणारा, खांब उभा करणारा, अक्षर लिहिणारा माणूस त्या कहाणीत येतो तोच मुळी हात गमवायला. त्याआधी तो कुठेच नाही. तो काय बघून शिकला, कुणाचा मुलगा, त्याला स्वतःचं काम आवडलं का, काही नाही. वीस हजार मनगटं आणि एकही नाव नाही.

नावं आहेत, हेच तर दुखतं.

इस्लामी कलेत माणसाचं चित्र नाही, व्यक्ती नाही, सगळं कसं निनावी आणि भौमितिक, असं सरसकट ऐकायला मिळतं. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात एक लहानशी धातूची बादली आहे, वीतभर उंचीची. हेरातमध्ये ११६३ साली घडवलेली. तांब्या-चांदीचं जडावकाम, त्यावर वाद्यं वाजवणारे, पिणारे, सोंगट्या खेळणारे लोक. आणि एका पट्टीतल्या अक्षरांना चक्क डोकी फुटली आहेत: अक्षराची उभी रेघ वर जाते आणि तिचा माणूस होतो. त्या बादलीने आपला सगळा कुळवृत्तांत स्वतःच सांगून ठेवलाय. कुणी बनवायला सांगितली, ओतली कुणी, नक्षी कुणी केली, कुणासाठी केली, कोणत्या महिन्यात. ओतणारा मोहम्मद इब्न अब्दुल वाहिद. नक्षी करणारा हेरातचा मसऊद इब्न अहमद. साडेआठशे वर्षांपूर्वीची बादली, आणि ओतारी वेगळा, नक्षीवाला वेगळा, दोघांना आपापला मान. पॅरिसच्या लूव्रमध्ये एक पितळी घंगाळ आहे, सोन्याचांदीचं जडावकाम केलेलं, सुमारे १३२० ते १३४० च्या दरम्यानचं, इजिप्त-सीरियातल्या मामलूक राजवटीतलं. त्यावर कारागिराने, मोहम्मद इब्न अल-झैनने, सहा ठिकाणी सही केली आहे. सहा! कुठे सिंहासनावर, कुठे भांड्याच्या चित्रावर, जागा मिळेल तिथे. पुढे ते फ्रान्सच्या राजघराण्यात पोचलं, तेराव्या लुईचा बाप्तिस्मा त्यात झाला, आणि लोक त्याला संत लुईचं बाप्तिस्मापात्र म्हणायला लागले. संत लुई १२७० मध्ये वारला होता, घंगाळ घडण्याच्या कितीतरी आधी. ज्याने सहादा नाव कोरलं त्याच्या नावाने ते ओळखलं जात नाही. ज्याने ते कधी पाहिलंही नाही त्याच्या नावाने ओळखलं जातं. मी मुलांना त्याचा मोठा फोटो दाखवते तेव्हा आधी सही शोधायला लावते. मुलं असल्या शोधात वेडी होतात.

वस्तूच गोष्ट सांगत असेल तर आपण किती बोलायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त एका मातीच्या थाळ्याने शिकवला. दहाव्या शतकातला, इराणमधल्या निशापूरकडचा मानतात, आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात. दीड फूट व्यासाचा, सायीसारखा पांढरा, आणि काठाला काळ्याभोर कूफी, म्हणजे जुन्या वळणाच्या अरबी, अक्षरांची एक गोल ओळ. अक्षरांच्या उभ्या रेघा मध्याकडे झेपावतात. मध्ये सगळं रिकामं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती नक्षीच वाटते. मी त्याचं चित्र एका मोठ्या गोल पुठ्ठ्यावर चिकटवून घेतलंय. तो पुठ्ठा मुलांच्या मध्ये ठेवते आणि काहीच सांगत नाही. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतं, हे लिहिलंय. मग दुसरं, सुरुवात कुठे आहे? मग पुठ्ठा फिरायला लागतो. एका हातातून दुसऱ्या हातात, गोल गोल. तेव्हा मी अर्थ सांगते: 'काम करण्याआधी केलेला विचार पश्चात्तापापासून वाचवतो, समृद्धी आणि शांती असो.' एकदा एक मुलगा म्हणाला, त्या कुंभाराने आधी मोजलं असणार, नाहीतर ओळ पुरी व्हायच्या आत काठ संपला असता. मी अवाक् झाले. हे मला सुचलं नव्हतं. विचार करून काम करा असं लिहिणाऱ्याला ते लिहितानाच विचार करून करावं लागलं होतं. त्यात ना राजा, ना रक्त. एक काठ, एक ओळ, आणि ओल्या मातीच्या लेपावर न डगमगणारा हात.

ताजमहालवर परत येते, कारण तिथे मी ऋणी आहे.

त्या रात्रीनंतर मी अमानत खानाच्या मागे लागले. ताजमहालवरची कुराणातली वचनं याने लिहिली. मूळ नाव अब्दुल हक, शिराझचा. सिकंदऱ्याच्या अकबराच्या कबरीवरची अक्षरंही त्याचीच. ताजच्या आतल्या बाजूला, लेखाच्या शेवटी, त्याने अत्यंत नम्र शब्दांत स्वतःचं नाव आणि साल घातलं आहे: हिजरी १०४८, म्हणजे १६३८-३९. एवढ्या प्रचंड आवारात सही आहे ती याची. बादशहाने ती राहू दिली. याचा भाऊ अफझल खान शाहजहानचा वजीर होता. तो १६३९ मध्ये वारला, आणि अमानत खान दरबार सोडून निघाला. पुढे त्याने काय केलं? पंजाबात, आग्रा-लाहोरच्या वाटेवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी एक सराई बांधली. प्रवाशांनी मुक्काम करावा, जनावरं बांधावीत, सकाळी पुढे जावं. आणि तिच्या दारावरचा लेख १६४०-४१ मध्ये स्वतःच्या हाताने लिहिला. तोडलेल्या म्हणतात त्याच हाताने. भावाच्या दुःखाने दरबारातून उठलेला म्हातारा लेखक रस्त्याच्या कडेला परक्यांसाठी छप्पर उभारतो आणि त्यावर अक्षर काढतो, ही गोष्ट मला हात तोडण्याच्या गोष्टीपेक्षा कितीतरी जास्त हलवते. मग आपण ती का सांगत नाही? कदाचित तिच्यात 'अरेरे' म्हणायला जागा नाही म्हणून.

उस्ताद अहमद लाहोरी, ज्याच्याकडे ताजच्या वास्तुरचनेचं श्रेय जातं, तो तर लगेच दिल्लीच्या कामाला लागला. लाल किल्ल्याचा पाया १६३९ मध्ये घातला गेला. त्याचा मुलगा अताउल्ला याने औरंगाबादचा बीबी का मकबरा बांधला. त्याला ताजची नक्कल म्हणून नाक मुरडायची आपल्याला सवय आहे. मुलाने बापाच्या कामाची आठवण दख्खनच्या मातीत उभी करून पाहिली असं म्हणून तिथे एकदा जाऊन बघावं. मिनार जवळजवळ आलेले दिसतात, संगमरवर अर्ध्यात संपून चुन्याचा गिलावा सुरू होतो, आणि तो सांधा बघताना मला कमी पडलेला पैसा दिसत नाही, पुरवून पुरवून केलेलं काम दिसतं. अहमदचा दुसरा मुलगा लुत्फुल्ला. त्याची गोष्ट मांडूला एका दारावर कोरलेली आहे, आणि ती वाचल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. मांडूला होशंगशहाची कबर आहे, पंधराव्या शतकातली, पांढऱ्या संगमरवराची, ठेंगणी, ठाम, अंगावर फारसा दागिना नसलेली. तिच्या दाराशी १६५९ सालचा एक लेख आहे. चौघेजण दर्शनाला येऊन गेल्याचा. लुत्फुल्ला मुहंदिस, म्हणजे स्थापत्याचा जाणकार, उस्ताद अहमदचा मुलगा. ख्वाजा जादोराय. उस्ताद शिवराम. उस्ताद हामिद. शाहजहानचे वास्तुकार, दोनशे वर्षांपूर्वीच्या वास्तुकाराचं काम बघायला आले होते, आणि आदर म्हणून आपली नावं मागे ठेवून गेले.

मी ते चौघे डोळ्यांसमोर आणून बघते. बैलगाड्या की घोडे, ठाऊक नाही. पण विंध्याचा चढ आहे, धूळ आहे. दारापाशी पादत्राणं काढली असणार. आत अंधार आणि गारवा. एकाने जाळीच्या भोकातून येणाऱ्या कवडशाकडे बघितलं असेल, दुसऱ्याने घुमटाच्या बुडाशी नजर नेली असेल, वजन कुठे उतरवलंय ते शोधत. कुणीतरी बोटाने हवेत कमान काढली असेल. अशा लोकांना बोलायला फार लागत नाही. हे मी रचलेलं आहे, हे मी ऐकणाऱ्यांना सांगते. इथवर दगड सांगतो, इथून पुढे माझं. ही सीमा मोठ्याने सांगितली की लोकांचा रस कमी होतो अशी मला भीती होती. उलट होतं. ऐकणारे स्वतः भर घालायला लागतात. एक बाई म्हणाल्या, त्यातला एखादा रुसलाही असेल, की हे आपल्याला का सुचलं नाही.

सगळं गोड करून सांगायचं नाही, हेही मला स्वतःला बजावावं लागतं. मुमताज १६३१ मध्ये बऱ्हाणपूरला बाळंतपणात गेली, तेव्हा दख्खन आणि गुजरात भयंकर दुष्काळात होरपळत होते. रस्त्यांवर प्रेतं पडल्याची वर्णनं त्या वेळच्या प्रवाशांनी लिहिली आहेत. पुढच्याच वर्षी ताजचं काम सुरू झालं. हात तोडल्याची गोष्ट खोटी, पण ती ज्या शंकेतून उगवली असेल ती शंका खोटी नाही: एवढं सुंदर काही उभं राहतं तेव्हा कुणाच्या तरी अंगावर त्याचा भार पडलेला असतो. लोकांनी ती शंका एका सुरीत भरून ठेवली. त्यांना दुसरी भाषा मिळाली नाही. ताजच्या आवारातल्या लाल फरसबंदीवर नीट बघत चाललं तर दगडांवर गवंड्यांच्या खुणा दिसतात. तारा, बाण, स्वस्तिक. प्रत्येक टोळीची आपली खूण, मजुरीचा हिशेब लागावा म्हणून. घुमटाकडे माना वर करून चालणारे हजारो लोक रोज त्यांच्यावरून जातात. मीही तशीच गेले होते. पुढच्या खेपेला भाचीला घेऊन आधी खाली बघत चालायचं, असं मी ठरवून टाकलं आहे.

त्या गाइडवर मात्र अन्याय करायचा नाही. हे मला नंतर आठवलं, इतकं नंतर की स्वतःची लाज वाटली. आतल्या थडग्यांभोवतीच्या जाळीपाशी त्याने खिशातून छोटी बॅटरी काढली होती. आत अंधार, माणसांच्या पावलांचा आणि बोलण्याचा घुमटात जाऊन फिरत राहणारा गुंजारव. त्याने काही न बोलता बॅटरी एका जडवलेल्या फुलाला टेकवली. पाकळी अकीकाची होती. क्षणभर काही नाही, आणि मग ती आतून पेटली. निखाऱ्यावर फुंकर घालावी तशी, नारिंगी-लाल. शेजारचा हिरवा दगड तसाच मुका राहिला, पान पानच राहिलं, पाकळी तेवढी जिवंत झाली. त्याने बॅटरी बाजूला घेतली, फूल विझलं. पुन्हा टेकवली. एक अक्षर बोलला नाही. त्याने त्या दिवशी सांगितलेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच होती, आणि मी तिथे लक्ष न देता भाचीला शोधत होते.

महिन्याभराने ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा मी तिला अमानत खानाची सराई सांगितली. मांडूची चौघं सांगितली. शिवराम आणि लुत्फुल्ला ही नावं तिला एकत्र म्हणायला आवडली, ती दोनतीनदा म्हणून बघितली. "म्हणजे त्यांचे हात होते," ती म्हणाली. होते म्हटलं. त्या वेळी मी मान डोलावली ते चुकलंच माझं, हेही सांगितलं. तिने ते मोठ्या माणसासारखं ऐकून घेतलं आणि पुढे गेली.

"त्या काकांनी बॅटरी लावली तेव्हा फूल पेटलं होतं. तू बघितलंस?"

"अर्धवट."

"ज्याने ते बसवलं त्याला माहीत असेल ना, की असं पेटणार आहे?"

मी उत्तर शोधत होते. दगड कापताना तो डोळ्यासमोर धरून उजेडात बघितलाच असेल, त्याशिवाय निवडला कसा असता, असं काहीतरी माझ्या मनात जुळत होतं. तोवर तिने माझा मोबाइल उचलला, त्याचा टॉर्च लावला आणि खोलीतला दिवा घालवला. स्वेटरची बाही कोपरापर्यंत सारली. मग उजेडावर तळहात दाबून धरला. बोटांच्या कडा आधी गुलाबी झाल्या, मग लाल, मग अकीकासारख्या. ती बोटं हळूहळू मिटत होती, उघडत होती, आणि बघत होती.